सरावाच्या गोळ्या

मंडळी, आजचा विषय जरा जड आहे, तेव्हा चहा मोठ्या कपात घ्या. विषय आहे कमांडो. सिनेमातले नाहीत. काळे कपडे, दोरावरून सरसर उतरणं, काच फोडून आत उडी वगैरे आपण सगळ्यांनीच भरपूर पाहिलंय. मला पडलेला प्रश्न बराच कंटाळवाणा आहे: या माणसानं गेल्या वर्षभरात सरावासाठी किती गोळ्या झाडल्या? आणि त्या त्याला मिळाल्या का?

कंटाळवाणे प्रश्न विचारणं हा माझा पोटापाण्याचाच धंदा आहे म्हणा. इथे माणला, म्हणजे हिंजवडी फेज थ्रीमध्ये, एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. आमच्या धंद्यात एक जुनं शहाणपण आहे. बॅकअप घेतला म्हणजे बॅकअप आहे असं समजायचं नाही. तो परत चढवून बघितला आणि चालला, तरच तो आहे. रोज रात्री 'सक्सेसफुल' असा हिरवा मेसेज येतो म्हणून खूश राहणाऱ्या टीम्सचं काय होतं, हे आयटीतल्या कुणालाही विचारा. आता हेच माप आपल्या खास दलांना लावून बघू.

२६ नोव्हेंबर २००८ ला मी सहावीत होतो. तीन दिवस टीव्हीवर ताजचा घुमट आणि धूर. तेव्हा लक्षात राहिले ते हेलिकॉप्टरमधून नरिमन हाऊसच्या गच्चीवर उतरणारे एनएसजीचे कमांडो. पण नंतर त्या रात्रीबद्दल वाचत गेलो तेव्हा कळलं, की आपण टीव्हीवर पाहिला तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा भाग. खरी गोष्ट पहिल्या काही तासांची आहे आणि त्या तासांत तिथे कमांडो नव्हतेच.

पहिल्या तासाला कोण होतं? सीएसटी स्टेशनवर रेल्वेचे पोलीस होते. काहींच्या हातात लाठी, काहींच्या हातात .३०३ रायफल. ही रायफल म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं डिझाइन. दहा गोळ्यांचं मॅगझिन आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हातानं मागे-पुढे करायचा. समोर दोन तरुण, दोघांकडे एके-४७, तीस गोळ्यांची मॅगझिन्स, शिवाय हातबॉम्ब. त्यांचं महिनोन्‌महिने प्रशिक्षण झालेलं. एकट्या सीएसटीवर पन्नासहून जास्त माणसं गेली. रेल्वे पोलिसांचे इन्स्पेक्टर शशांक शिंदे तिथेच मारले गेले. ताजमध्ये डीसीपी विश्वास नांगरे पाटील मोजक्या पोलिसांना घेऊन पिस्तुलांच्या जोरावर आत शिरले. वर बसलेल्यांकडे काय हत्यारं आहेत याचा अंदाज आल्यावरही ते आत राहिले. धैर्य कुठेच कमी पडलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं वाचताना ते विसरू नका.

आता कुणी म्हणेल, साध्या पोलिसाकडे एके-४७ नसणारच, अशा प्रसंगासाठी वेगळी तुकडी असते. बरोबर. मुंबई पोलिसांकडे अशी तुकडी होतीही. तिचं नाव क्विक रिस्पॉन्स टीम, म्हणजे क्यूआरटी. निवडक माणसं, चांगली हत्यारं, कामच हे. कागदावर बॅकअप तयार होता.

हल्ल्यानंतर राज्य सरकारनं माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि माजी आयपीएस अधिकारी व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. एप्रिल २००९ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यावेळी गाजलं ते पोलीस आयुक्तांवरचं ताशेऱ्यांचं प्रकरण. पण माझं डोकं अडकलं ते त्यातल्या एका साध्या नोंदीवर: गोळ्यांच्या तुटवड्यामुळे या क्यूआरटीचा नेमबाजीचा सराव हल्ल्याच्या आधी वर्षाहून जास्त काळ झालाच नव्हता.

परत वाचा. शहरातली सगळ्यात तयार तुकडी. तिच्याकडे बंदूक आहे, माणूस आहे, गणवेश आहे, गाडी आहे. सरावाला गोळी नाही.

हे वाचल्यावर पहिली प्रतिक्रिया असते, की कुणीतरी पैसे खाल्ले असणार. मला वाटतं, नुसतं तसं म्हणणं फार सोपं आहे. सरावाची गोळी ही वस्तूच मुळात विचित्र आहे. बंदूक घेतली की तिचा फोटो काढता येतो. मंत्री ती हातात धरतात, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं. सरावाची गोळी झाडली की उरते रिकामी पुंगळी. ती मोजून परत जमा करायची आणि वहीत नोंद करायची. त्यातून काय मिळालं? त्या माणसाचा हात थोडा स्थिर झाला. तो फोटोत दिसत नाही, ऑडिटमध्येही दिसत नाही. त्यामुळे तुटवडा आला की सगळ्यात आधी काय बंद होतं? साठ्यातली गोळी 'खऱ्या वेळेसाठी' राखून ठेवणं हा तर कारकुनाच्या दृष्टीनं शहाणपणाच. फक्त खरी वेळ येते तेव्हा ती गोळी झाडणारा हात विसरलेला असतो.

शिवाय गोळी काही दुकानात मिळत नाही. राज्यानं मागणी करायची, ती केंद्राच्या गृहखात्याकडून मंजूर व्हायची, मग आयुध निर्माणीकडून माल यायचा. आणि गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच खरं तर. बंदुकीच्या गोळ्या बनवणारा देशातला एक जुना कारखाना आपल्या खडकीत आहे. १८६९ सालचा. माणहून निघालात, वाकडच्या पुलावर फार वेळ गेला नाही, तर तासाभरात त्याच्या भिंतीपाशी पोचाल. तिथून मुंबई तीन तासांवर. देशाला गोळ्या बनवता येत नव्हत्या असं अजिबात नाही. फाईल आणि गरज यांच्यातलं अंतर मोठं होतं.

बुलेटप्रूफ जॅकेटांचंही असंच. हेमंत करकरे सीएसटीजवळ हेल्मेट आणि जॅकेट चढवतानाची ती क्लिप सगळ्यांनी पाहिलीय. त्यानंतर थोड्याच वेळात कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. करकरेंचं ते जॅकेट नंतर हरवलं. त्यांच्या पत्नी कविता करकरे यांनी जॅकेटांच्या दर्जाबद्दल प्रश्न विचारले. गोळ्या मान आणि खांद्याच्या भागात लागल्या, तो भाग जॅकेट झाकतच नाही, असं सरकारी बाजूचं म्हणणं होतं. तसं असेलही. पण मेलेल्या अधिकाऱ्याचं जॅकेट तपासायला म्हणून जपून ठेवावं, एवढंही ज्या व्यवस्थेला सुचत नाही, ती व्यवस्था त्या जॅकेटातून शिकणार काय?

बरं, पोलिसांचं सोडा. देशाची खरी खास तुकडी म्हणजे एनएसजी. १९८४ साली स्थापन झालेली, हरियाणात मानेसरला मुक्काम. प्रशिक्षण उत्तम, यात वाद नाही. पण २००८ ला अख्ख्या देशासाठी ती एकाच ठिकाणी बसलेली होती. मुंबईत गोळीबार सुरू झाला रात्री साडेनऊच्या सुमारास. कमांडो मानेसरहून दिल्लीच्या विमानतळावर आले. त्यांना एकदम नेऊ शकेल असं मोठं विमान दिल्लीत नव्हतं, आयएल-७६ चंडीगडहून आणावं लागलं. मुंबईत उतरले पहाटे साडेपाचच्या आसपास. तिथून दक्षिण मुंबईत न्यायला बेस्टच्या बसेस. मग माहिती घेणं, हॉटेलांचे नकाशे शोधणं. प्रत्यक्ष कारवाई सकाळ उजाडल्यावर. तोपर्यंत ताजमध्ये जे सुरू झालं होतं ते २९ तारखेच्या सकाळपर्यंत चाललं. या कारवाईत मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंदरसिंह बिश्त गेले. एकूण १६६ माणसं गेली.

यातली चीड आणणारी गोष्ट म्हणजे हा धडा नवा नव्हता. २४ डिसेंबर १९९९ ला अपहरण झालेलं आयसी-८१४ विमान अमृतसरला उतरलं होतं. जवळजवळ पाऊण तास ते आपल्याच धावपट्टीवर उभं होतं. एनएसजी वेळेत पोचू शकली नाही, विमान उडालं आणि पुढे कंदाहार झालं. म्हणजे 'दल चांगलं आहे, पण ते वेळेत पोचत नाही' हा बग १९९९ सालीच सापडला होता. नऊ वर्षं तो तसाच पडून राहिला.

आता लगेच 'आपल्याकडे असंच चालायचं' असं म्हणू नका. हा रोग जागतिक आहे.

१९७२ चं म्युनिक ऑलिंपिक घ्या. इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं गेलं. सुटकेचा प्रयत्न फुर्स्टनफेल्डब्रुकच्या विमानतळावर झाला. अतिरेकी आठ, जर्मन पोलिसांनी ठेवलेले नेमबाज पाच. तेही खास प्रशिक्षित नव्हते, साधे पोलीसच. एकमेकांशी बोलायला त्यांच्याकडे रेडिओ नव्हते. विमानात दबा धरून बसायला पाठवलेल्या पोलिसांनी, हे जमणार नाही म्हणून आपसात मतदान करून काढता पाय घेतला. आणि चिलखती गाड्या? त्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या. शुक्रवारी संध्याकाळी फेज थ्रीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला यापुढे काही समजावून सांगायची गरज नाही. ओलिसांपैकी एकही वाचला नाही.

किंवा १९८० चा एप्रिल. तेहरानमधल्या ओलिसांना सोडवायला अमेरिकेनं डेल्टा फोर्स पाठवली. पैसा अमाप, माणसं निवडक. आठ हेलिकॉप्टर निघाली, किमान सहा लागणार होती, वाळवंटातल्या थांब्यावर चालू स्थितीत उरली पाच. मोहीम रद्द केली. परत फिरताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळलं आणि आठ सैनिक मेले. नंतरच्या चौकशीत निघालं काय, तर सगळ्या तुकड्यांनी मिळून पूर्ण मोहिमेची रंगीत तालीम एकदाही केलेली नव्हती. प्रत्येक मॉड्यूल आपापल्या जागी टेस्ट केलेलं, इंटिग्रेशन टेस्टिंग थेट इराणच्या वाळवंटात!

फरक पडतो तो त्यानंतर काय केलं यात. म्युनिकनंतर जर्मनांनी जीएसजी-९ उभी केली. पाच वर्षं ती सराव करत राहिली. १९७७ च्या ऑक्टोबरात सोमालियातल्या मोगादिशू विमानतळावर लुफ्तहान्साच्या अपहृत विमानात तिची माणसं शिरली आणि आत असलेल्या ८६ ओलिसांची सुटका केली. त्या पाच वर्षांत काय केलं, याची बातमी बहुधा कुठेच आली नसेल. सरावाची बातमी होत नाही.

आता परत २६/११ च्या रात्रीकडे येतो, कारण त्या रात्री एक गोष्ट अगदी बरोबर झाली होती.

मध्यरात्र उलटून गेल्यावर कसाब आणि इस्माईल खान चोरलेल्या स्कोडातून मरीन ड्राइव्हवरून निघाले. वायरलेसवर गाडीची खबर फिरली. गिरगाव चौपाटीला डी. बी. मार्ग पोलिसांनी नाकाबंदी लावली होती. गाडी अडली, वळायच्या प्रयत्नात दुभाजकावर अडकली. इस्माईल गोळीबारात मारला गेला. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, पण नळी सोडली नाही. बाकीच्यांनी कसाबला जिवंत पकडलं. पुढचा सगळा खटला, सगळे पुरावे, पाकिस्तानचा सहभाग जगापुढे येणं, हे त्या एका पकडीवर उभं आहे. ओंबळेंना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं.

ओंबळेंच्या शौर्याबद्दल आपण बोलतो आणि बोलायलाच हवं. पण त्या घटनेची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. नाकाबंदी ही मुंबई पोलिसांची रोजची सवय आहे. बॅरिकेड कुठे लावायचे, गाडीचे दिवे कसे बंद करायला सांगायचे, कुणी कुठल्या बाजूला उभं राहायचं, वायरलेसवरचा नंबर कसा लक्षात ठेवायचा, हे त्यांनी हजार वेळा केलेलं होतं. दारूड्या ड्रायव्हरांसाठी, चोरीच्या गाड्यांसाठी, गणपती आणि थर्टी फर्स्टसाठी. त्या रात्री देशातल्या सगळ्यात भारी अतिरेक्याला पकडणारं तंत्र साध्या पोलीस ठाण्याचं होतं, कारण तेच रोज वापरात होतं. ज्याचा सराव होता ते चाललं. ज्याचा नव्हता ते अडखळलं. हत्यारांचा हिशेब लावला तर निकाल उलटा यायला हवा होता.

मग २६/११ नंतर आपण काय केलं? बरंच केलं, हेही मान्य करायला हवं. २००९ मध्येच मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि हैदराबादला एनएसजीची केंद्रं सुरू झाली. नोव्हेंबर २००९ मध्ये महाराष्ट्रानं फोर्स वन उभी केली. सुमारे ३००० इच्छुकांमधून २१६ जण निवडले. स्फोटकांच्या प्रशिक्षणात आपल्या दापोडीच्या सीएमईनं मदत केली. पंधरा मिनिटांत प्रतिसाद हे उद्दिष्ट ठेवलं. एनएसजीच्या माणसांना व्हीआयपींच्या मागेपुढे उभं करण्याचा प्रकार मात्र बराच काळ चालू राहिला. तिला त्या कामातून पूर्ण मोकळं करून ते सीआरपीएफकडे द्यायचा निर्णय झाला २०२४ साली. मुंबईनंतर सोळा वर्षांनी.

आणि जॅकेटं? २०१७ मध्ये राज्य पोलिसांकडे नवी जॅकेटं आली ४६००. चाचणीत त्यातली १४३० एके-४७ च्या गोळीपुढे टिकली नाहीत आणि परत पाठवावी लागली. बातमी वाचून लोक म्हणाले, बघा, अजूनही तेच. मी म्हणतो, उलट ही चांगली बातमी आहे. या वेळी कुणीतरी माणसाच्या अंगावर चढवायच्या आधी जॅकेटवर गोळी झाडून बघितली. बॅकअप परत चढवून बघितला.

चांगलं उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत १९९० मध्ये सी-६० हे पथक उभं राहिलं. नाव पडलं साठ जवानांवरून. स्थानिक पोरं, माडिया-गोंडी बोलणारी, जंगल पाठ असलेली. २००९ हे वर्ष गडचिरोली पोलिसांना फार वाईट गेलं: मरकेगाव, हत्तीगोटा, लाहेरी, तीन घटनांत ४८ पोलीस गेले. पण सी-६० मोडलं नाही. प्रशिक्षण वाढलं आणि ही माणसं सतत जंगलात राहिली. त्यांचा सराव वेगळा काढावा लागत नाही, तो रोजच्या कामातच आहे. चौपाटीवरच्या नाकाबंदीसारखाच.

तरी त्याच जिल्ह्यात १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, जांभूळखेड्याजवळ क्यूआरटीचे १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक भूसुरुंगात मारले गेले. गाडी खाजगी होती, चिलखती नव्हे. म्हणजे 'शिकलो' असं कायमचं म्हणताच येत नाही. एक दिवस घाई झाली, नियम बाजूला राहिला, आणि संपलं.

माझं म्हणणं एवढंच, की पहिला तास कधीच खास दलाचा नसतो. मानेसरहून चार केंद्रं झाली, चाराची आठ होतील, तरी पहिला तास जवळच्या चौकीतल्या माणसाचा असतो. आपल्या इथे माणमध्ये काचेच्या बिल्डिंगांत हजारो माणसं रोज बसतात. १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत १७ जण गेले, म्हणजे पुणं या नकाशाबाहेर आहे असं समजायचं कारण नाही. काही झालंच तर आधी पोचणार तो फेज थ्रीच्या सर्कलवर ट्रॅफिक काढणारा हवालदार. त्याच्यावर आपण रोज हॉर्न वाजवतो.

म्हणून पुढच्या वेळी नवी बंदूक, नवी बोट, नवी गाडी यांचा फोटो पेपरात आला, की एक कंटाळवाणा प्रश्न विचारा. आमदारांना विचारा, माहिती अधिकारात विचारा, निदान घरात जेवताना तरी विचारा: गेल्या बारा महिन्यांत प्रत्येक माणसानं सरावाला किती गोळ्या झाडल्या आणि शेवटची पूर्ण तालीम कुठल्या तारखेला झाली? किती विकत घेतलं ते नंतर सांगा म्हणावं.

चला, चहा संपला असेल. पुढच्या शनिवारी हलका विषय घेतो, शप्पथ!